लोणीघर पाडण्याआधी : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस

महोदय,

१८८९ मध्ये अलाहाबादला पहिला मिलिटरी फार्म, म्हणजे लष्कराला दूध पुरवणारी डेअरी, निघाला. ३१ मार्च २०२१ रोजी हे फार्म रीतसर बंद झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पिंपरीसारख्या ठिकाणी जागेचा नवा वापर ठरताना जुन्या डेअरी इमारती ‘मोडकी शेड’ एवढ्या शेऱ्यावर पाडल्या जाऊ नयेत, एवढेच मागणे आहे.

लोणीघर रिकामे असले तरी बोलते. भिंतीवर लोखंडी कंस दिसले, तर तिथून शाफ्ट, म्हणजे यंत्रे चालवणारा फिरता दांडा, गेला असणार. त्यावरच्या पट्ट्यांनी सेपरेटर (दुधातून साय वेगळी काढणारे यंत्र) आणि चर्न फिरत. फरशीतले बोल्ट सेपरेटरची जागा सांगतात. त्याचा बाउल, म्हणजे आतले फिरते भांडे, मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतो. बैठक जरा हलली की तो थरथरतो, बेअरिंग झिजते आणि साय पुरती न निघता दुधातच राहते.

चर्न म्हणजे फिरते लाकडी पिंप. ते निम्म्याहून जास्त भरत नाहीत, कारण क्रीम आपटायला जागा लागते. क्रीममध्ये ३५ ते ४० टक्के स्निग्धांश हवा आणि ते १०-१२ अंशांपर्यंत गार हवे. उन्हाळ्यात हे साधले नाही की लोणी तेलकट होते आणि ताकातून स्निग्धांश वाया जातो. (घरी रवी फिरवणारीही वैशाखात डेऱ्यात गार पाणी ओततेच.) पिंपाची आत पाहायची काच निवळली की लोणी फुटले. कणी गव्हाएवढी झाली की थांबायचे. त्यापुढे फिरवले तर गोळ्यात ताक अडकते, धुऊन निघत नाही आणि लोणी टिकत नाही. अशा इमारतीतल्या जाड भिंती आणि उंच झरोके शोभेसाठी नसतात, गारव्यासाठी असतात.

म्हणून पाडकामाआधी प्रत्येक इमारतीची मोजणी आणि छायाचित्रे व्हावीत. यंत्रे उरली असतील तर ती किलोच्या भावाने भंगारात घालू नयेत. एका बाउलच्या तबकड्या दुसऱ्यात मिसळू नयेत. संच एकत्र तोललेला असतो. बाउलचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, तो हातोडीने फोडू नये. चर्न उन्हात ठेवू नये. फळ्या आक्रसून कड्या गळतात. सोडवायचाच झाला तर आधी फळ्यांवर क्रमांक घालावेत. आणि कृपा करून रंगसफेदी नको, पट्ट्यांच्या घासणीच्या खुणा चुन्याखाली जातात.

पुणे परिसरातली पाहणी आम्ही विनामोबदला करू. छावणीच्या फाटकातून आत जाण्यासाठी लेखी परवानगी तेवढी मिळावी.

आपले,
दुग्धतंत्रज्ञ व जुन्या डेअरी यंत्रांचे जाणकार