चि. मुक्तास, सुदामा नगरच्या घराबद्दल

इंदूर, २४ मे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. ते चुकलंच. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, घर तू घेतेयस, ठरवायचंही तूच. शनिवारी बयाणा जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

काल सकाळी लेव्हलची नळी (पाणी भरून उंची ताडायची पारदर्शक नळी) घेऊन पुन्हा तिथे जाऊन आलो. माप जोत्याच्या वरच्या कडेवर घेतलं, कारण फरशीला मोरीकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. तीन कोपरे ५ मिमीच्या आत सारखे आहेत. कडुनिंबाकडचा मागचा कोपरा मात्र ३१ मिमी खाली आहे. सगळं घर सारखं बसलं तर भिंतींना फारसा त्रास होत नाही. एकच कोपरा गेला की भिंत फाटते.

आणि ती फाटलेली आहे. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी भेग गेलीय, वर ६ मिमी, खाली जेमतेम २. वर रुंद म्हणजे कडेचा भाग खाली चाललाय. खाली रुंद असती तर मधला भाग बसतोय म्हटलं असतं. बाहेरून पाहिलं तर तीच भेग विटांतून आरपार गेलेली. गिलाव्यावरच्या केसासारख्या तड्यांना मी भीत नाही, त्यावर पुट्टी चालते. ही तशी नाही. त्या खोलीच्या दाराची वरची कड हात लावून बघ म्हणजे कळेल: रंधा मारून तासलीय, त्यावर रंग दिलाय आणि मग पुन्हा तासलीय. दार दोन वेळा अडकलं, म्हणजे हे एकदा होऊन थांबलेलं नाही.

मालकांनी भल्या मनाने भिंतीलगत खड्डा घेऊ दिला. पाया १.१ मीटरवर संपतो, आणि त्याखालीही काळी मातीच. मुरूम, म्हणजे न फुगणारा घट्ट थर, लागलाच नाही. आपल्या माळव्यातली ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे तर निदान साडेतीन मीटर खाली नेतात, ते ह्याच हालचालीच्या थराखाली जायला. मूठभर माती घरी आणून वाळवली, चाळली आणि दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत टाकली, एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलमध्ये १० मिली, पाण्यात १८. म्हणजे ८० टक्के फुगवटा. ५० च्या वर गेला की सावध व्हायचं. आईला रॉकेलच्या वासाने दिवसभर त्रास झाला, पण ती काही बोलली नाही. तिलाही तुझीच काळजी आहे.



आता मे आहे. माती पूर्ण आकसलेली, भेग सर्वांत रुंद. सप्टेंबरात ती बरीचशी मिटेल आणि सगळे म्हणतील, बघा, काही नव्हतंच. म्हणून उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही टोकं बघायची. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून दर पंधरा दिवसांनी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) अंतर मोजायचं, तारीख लिहायची. दलाल म्हणतो, रजिस्ट्रीआधी भेग सिमेंटने भरून देतो. भरू देऊ नकोस. मेमध्ये कडक सिमेंट भरलं की पावसात माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा राहत नाही, ती शेजारी नव्याने फुटते.

गाडीसाठी कडुनिंब तोडायचं म्हणालीस, तेही नको. त्याची मुळं उन्हाळ्यात त्या कोपऱ्याचं पाणी ओढतात हे खरं. पण झाड एकदम गेलं की वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती हळूहळू पाणी पिते आणि तोच कोपरा वर उचलते. दरवर्षी छाटणी कर.

"कोपऱ्यातला पाया पक्का करून घेऊ" हे ऐकायला सोपं वाटतं. अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली खणून नवं काँक्रीट भरणं, एका वेळी मीटरभर करायचं असतं, शेजारचा भाग न उघडता, आधीचं काँक्रीट पक्कं झाल्यावरच पुढचा. आणि एकच कोपरा खोल नेला तर बाकीचं घर मातीबरोबर हलत राहतं, तो कोपरा हलत नाही, आणि जोडावर नवी भेग येते. ही चूक मी फार घरांत पाहिलीय.

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. माफ कर.

लहानपणी रामबागेत तू लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक धरून उभी राहायचीस. बोट लवकर काढायचीस, पाणी फ्रॉकवर सांडायचं आणि तरी "बाबा, बरोबर आहे ना?" म्हणून विचारायचीस. आज तू एकटीच्या हिमतीवर घर घेतेयस, याचा मला किती अभिमान आहे हे फोनवर कधीच नीट बोलता येत नाही.

घर घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. आधी त्या कोपऱ्यात कुठलं पाणी मुरतंय का ते बघू: हौद भरून खडूने रेघ मारायची, चोवीस तास पाणी वापरायचं नाही. रेघेखाली गेलं तर गळती आहे. मोरीचा चेंबर आणि सोकपिट (शोषखड्डा) पायाला लागून नाहीत ना, तेही बघेन. दोष पाण्याचाच निघाला तर गळती काढून, घराभोवती दीड मीटर रुंद फरसबंदी बाहेर उतार देऊन केली की पुष्कळ भागतं. मग हा सौदा खरोखर चांगला आहे. पण मुरूम किती खाली आहे ते ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) बघितल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

मालकांना घाई असेल तर करारात लिहून घे: पायाच्या तपासणीत हालचाल निघाली तर बयाणा पूर्ण परत. ते कबूल नसेल तर शनिवारी पैसे पाठवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. स्क्रू मी आणून ठेवलेत. मालकांना एक फोन करून भिंतीत बसवायची परवानगी तेवढी माग, शनिवारच्या आत.