टोल दोनदा, टायर एकदा, आणि पुलावरचा तो पांढरा गोल

दिनांक : ५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प व्यवस्थापक,
पथकर वसुली व महामार्ग देखभाल कंपनी

विषय : १ ऑक्टोबर २०२५ रोजी पथकर दोनदा घेतल्याबाबत, तसेच पुलाच्या सांध्यावर टायर फुटून झालेल्या नुकसानीबाबत.

संदर्भ : माझा ६ ऑक्टोबरचा अर्ज व आपले ११ नोव्हेंबरचे उत्तर.

महोदय,

आपलं उत्तर मिळालं. पाच ओळींचं आहे आणि त्यातल्या तीन ओळी दिलगिरीच्या आहेत, म्हणून पुन्हा लिहितोय.

माझी पिकअप आहे, पिवळ्या पाटीची. गावातल्या सात-आठ शेतकऱ्यांची फुलं मी दादरला नेतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे पावणेदोनला झेंडूचे ५८ क्रेट भरून तुमच्या नाक्यावर आलो. फास्टॅगमध्ये १,२६० रुपये होते. वरचं मशीन टॅग वाचेना. बूथवरच्या पोरानं हातातलं मशीन काचेला लावलं, मागं घ्या म्हणाला, पुढं घ्या म्हणाला, काच फडक्यानं पुसली, पुन्हा लावलं. मागे ट्रकवाल्यांनी हॉर्न सुरू केले. शेवटी ‘ब्लॅकलिस्ट दाखवतंय, डबल कॅश द्या’ म्हणून २९० रुपये घेतले. मी दिले. बाजाराच्या दिवशी नाक्यावर भांडत बसणारा फुलवाला मी अजून पाहिलेला नाही. सकाळी नऊ वाजता बँकेचा मेसेज आला : त्याच नाक्यावर, रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी, १४५ रुपये कापले.

ब्लॅकलिस्टमधल्या टॅगमधून पैसे कापले जात नाहीत. म्हणजे टॅग ठीक होता, बिघाड तुमच्याकडे होता. टॅग चालू असेल, त्यात पुरेसे पैसे असतील आणि नाक्याचं यंत्रच चाललं नाही, तर गाडी विनाशुल्क सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, हा नियम केंद्रानं मे २०१८ मध्येच शुल्क नियमांत घातला आहे. मला शून्याऐवजी ४३५ रुपये पडले. त्यावर तुमचं उत्तर, ‘बँकेशी संपर्क साधावा’. बँक म्हणते, नाक्याला विचारा. दोन महिने हेच चाललंय.

पैशांचं एक वेळ सोडून देईन. पुढचं सोडणार नाही.

नाक्यापासून तीनेक किलोमीटरवर नदीचा पूल आहे. त्याच्या दुसऱ्या सांध्यातली लोखंडी पट्टी एका टोकाला सुटून चार बोटं वर आली होती. अंधारात, रिमझिम पावसात ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. डावीकडचं मागचं टायर उभं फाटलं. अर्धे क्रेट उतरवून, कठड्याला खेटून, जॅक लावून मी आणि माझा मेहुणा तासभर त्या पुलावर होतो. शेजारून कंटेनर गेला की अख्खा पूल हलायचा. हेल्पलाइनवर फोन केला. गस्तीची गाडी येईपर्यंत आमचं टायर बदलून झालं होतं. दादरला साडेचारऐवजी सातला पोचलो. ज्या झेंडूची पहाटे ओढाओढ होती, तो किलोमागे ३० रुपये उतरून द्यावा लागला. ते पैसे माझे एकट्याचे नव्हते. घरोघर जाऊन सांगावं लागलं, आणि प्रत्येक दारात लोकांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

आता मुद्द्याचं. टायर बदलताना मोबाइलच्या बॅटरीत मला त्या सुटलेल्या पट्टीभोवती पांढऱ्या रंगाचा गोल दिसला. शेजारी ‘१४/८’ लिहिलेलं. फोटो जोडला आहे. म्हणजे १४ ऑगस्टला कुणीतरी तिथे उभं राहून, वाकून पाहून, हे दुरुस्त करायचं आहे अशी खूण केली होती. माझं टायर त्यानंतर दीड महिन्यानं फुटलं.

आणि तुम्ही मला लेखी कळवता की ‘स्वतंत्र अभियंत्याच्या पाहणीनुसार सदर भाग समाधानकारक’. मग तो गोल कुणी काढला? रंग कुणाचा होता?

स्वतंत्र अभियंता म्हणजे कोण, हे मला या निमित्तानं कळलं. खासगी पैशातून बांधलेल्या रस्त्यावर सरकारचे डोळे म्हणून तो नेमलेला असतो. त्यानं दर महिन्याला रस्ता पाहायचा, दोष लिहायचे, अहवाल महामार्ग प्राधिकरणाला आणि कंपनीला द्यायचा. दोष मुदतीत निघाला नाही तर दंड लावण्याची तरतूदही करारात असते. केंद्राच्या नमुना करारानुसार त्याच्या मानधनाचा निम्मा भार कंपनी उचलते. परीक्षेला बसणाऱ्यानं परीक्षकाचा अर्धा पगार द्यायचा, असं झालं हे. असो, करार मी केलेला नाही.

तुमच्या कार्यालयातले साहेब मला म्हणाले, ‘आम्ही कर्ज काढून रस्ता बांधलाय, फुकट नाही.’ मान्य. ते कर्ज आमच्या टोलमधूनच फिटतंय. त्यासाठी दर १ एप्रिलला तुमचा दर चढतो, ३ टक्के ठरलेले आणि वर घाऊक महागाईच्या वाढीचे ४० टक्के. हा हिशेब एकाही वर्षी चुकल्याचं मी पाहिलं नाही. एका पट्टीचे चार बोल्ट मात्र १४ ऑगस्टपासून जमेनात.

केरळात पालियेक्करा नाक्यावरची वसुली रस्त्याच्या अवस्थेमुळे उच्च न्यायालयानं ६ ऑगस्टला थांबवली आणि १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. वसुली ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, पण टोल घेणाऱ्यानं रस्ता चालण्याजोगा ठेवलाच पाहिजे हे तिथे ठरलं. आमच्याकडे कोल्हापूरकरांना शहरातला टोल घालवायला वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं. मला मोर्चा काढायला वेळ नाही, रात्री गाडी चालवतो.

गेल्या गुरुवारी त्याच पुलावरून गेलो. पट्टी तशीच आहे, फटीत गोणपाट कोंबलंय. जुन्या गोलावर नवा गोल काढलाय, ‘२७/११’. त्याचाही फोटो जोडतो.

मला जास्तीचे घेतलेले ४३५ रुपये, टायरचे ७,४०० रुपये आणि मालाच्या पडलेल्या भावाची भरपाई हवी. आडत्याच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या सोबत आहेत. त्याहून आधी मला ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांचे स्वतंत्र अभियंत्याचे पाहणी अहवाल हवेत, आणि १४/८ च्या खुणेवर तुम्ही काय कारवाई केली तो कागद. कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, असं मला तोंडी सांगण्यात आलं. प्राधिकरणाला लागू आहे आणि अहवाल त्यांच्या दप्तरी जातातच. तिथला अर्ज आजच टाकला आहे. तुम्ही दिलेली प्रत आणि तिथून आलेली प्रत मी शेजारी ठेवून वाचणार आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आणि तोवर तेवढी पट्टी तरी बसवा. नव्या वर्षात लग्नाचे मुहूर्त आहेत, आम्ही रोज रात्री त्या पुलावरून जाणार.

कळावे,

आपला,
एक पिकअपमालक

सोबत : बँकेचा मेसेज, २९० रुपयांची पावती, पुलावरचे दोन फोटो, टायरचं बिल, आडत्याच्या दोन पट्ट्या (त्याच दिवशी साडेचारला पोचलेल्या शेजाऱ्याची आणि माझी).

प्रत माहितीसाठी : महामार्ग प्राधिकरणाचे प्रकल्प संचालक.