उरलेल्या डब्यांचं काय करायचं

कोल्हापूर
अक्षय्य तृतीया

प्रिय अवि,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. घराचं रंगकाम एकदाचं उरकलं हे वाचून बरं वाटलं. रंगाऱ्यांच्या चहापाण्यातून वहिनींची सुटका झाली म्हणायची! उरलेल्या डब्यांचं विचारतोस, तर ते भंगारात घालू नकोस. त्यांतून कॅनव्हासवर चालतील असे रंग होतात. पण सगळ्याच डब्यांतून होत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी छाननी कर. पाण्याचा इमल्शन, म्हणजे आपले रंगारी ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात, तो एका बाजूला आणि दारं-ग्रिलचा ऑइलपेंट दुसऱ्या बाजूला. या दोघांचं लग्न लावायचं नाही. डिस्टेंपर असेल तर त्याचा नाद सोड, त्यात खडूच फार. वर साय धरली असेल तर बिघडत नाही. ती अख्खी उचलून काढ आणि खालचा रंग जुन्या मलमलीतून गाळून घे. झाकण उघडताच कुजका वास आला तर मात्र तो डबा गेला. त्यात जंतू वाढलेत, काही घातलंस तरी सुधारायचा नाही.

हॉलच्या एका भिंतीला गडद विटकरी दिलाय म्हणतोस ना, तो डबा सगळ्यांत मोलाचा. दुकानातलं मशीन नुसतं रंगाचे थेंब सोडतं, ते कुठल्या बेसमध्ये, म्हणजे कुठल्या मूळ रंगात, पडतात यावर सगळं अवलंबून. फिक्या शेडच्या बेसमध्ये टायटॅनियमचा पांढरा ठासून भरलेला असतो. गडद शेडच्या बेसमध्ये तो अगदी थोडा किंवा नसतोच, म्हणून तिथे रंग खुलतो. त्यामुळे बेडरूमच्या फिक्या गुलाबीत तू लाल स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगाची, अख्खी बाटली रिकामी केलीस तरी तो गुलाबीच राहणार. त्या डब्याकडून लालची अपेक्षाच करू नये. त्याचं काम वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

चित्रकारांचा ट्यूबमधला अॅक्रिलिक आणि भिंतीचा इमल्शन यांचं गोत्र एकच. दोन्हींत रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारं बाइंडर असतं. पण भिंत मोठी आणि गिऱ्हाईक पैसे मोजणारं, म्हणून भिंतीच्या रंगात खडूची भुकटी, चिनी माती, टाल्क असली भरताड घालतात. मॅट रंगात तर ही भुकटी इतकी असते की प्रत्येक कणाला वेढायला बाइंडर पुरत नाही. पृष्ठभाग खरबरीत राहतो, प्रकाश विखुरतो आणि आपण म्हणतो, वा, काय छान मॅट आलंय! भिंत हलत नाही, तिला हे चालतं. कॅनव्हास मात्र ताणला जातो, गुंडाळला जातो, आणि तिथे असा कोरडा थर तडकतो. म्हणून त्यात बाइंडर वाढवायचा. कलासाहित्याच्या दुकानात अॅक्रिलिक मीडियम मिळतं, म्हणजे रंगद्रव्य नसलेला नुसता बाइंडर. दोन भाग रंगाला एक भाग मीडियम, इथून सुरुवात कर. पाणी ओतायचा मोह टाळ, पाण्याने रंग फक्त पातळ होतो, पकड उलट कमी होते. सुतारकामाचा पांढरा गोंदही नको, वाळल्यावरसुद्धा तो ओलाव्याने मऊ पडतो.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त मजेशीर वाटते. भिंतीचा रंग मुद्दाम असा बनवतात की ब्रशच्या रेघा मागे राहू नयेत. रंग पसरतो, सपाट होतो, रंगाऱ्याचा हात पुसून टाकतो. आपल्याला तर तो हातच दिसायला हवा! त्यासाठी रंग पसरट ताटलीत उघडा ठेव, अधूनमधून ढवळ, पाणी उडून तो दह्यासारखा घट्ट झाला की मगच मीडियम घाल. इतकं करूनही ट्यूबसारखा उभा राहणार नाही, पण सुरीने लावला तर बऱ्यापैकी टिकतो.

रंग तेज करायचा तर स्टेनर अगदी थोडा. खरी चव कोरड्या रंगद्रव्यांची. गेरू आणि पिवडी या मातीच्या रंगांना ऊन काही करत नाही. भुकटी थेट डब्यात टाकलीस तर गुठळ्या होतात. आधी काचेवर थोडं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घेऊन पुट्टीच्या पट्टीने दाबत दाबत लगदा कर. आधी भुकटी पाण्यावर तरंगते, भिजायलाच तयार नसते. मग एकदम पाणी पिते आणि गडद होते. ती तशी झाली की रंगात मिसळ. रांगोळीचे रंग मात्र चुकूनही नको, ते बहुधा रंगवलेली भुकटी असतात आणि उन्हात उडतात.

आता त्या फिक्या गुलाबीचं. त्यातला टायटॅनियम हीच त्याची श्रीमंती. मीडियम घालून कॅनव्हासवर अस्तर म्हणून दोन हात मार. पांढऱ्याफटक कॅनव्हासपेक्षा अशा कोमट अस्तरावर काम करायला मला तरी आवडतं.

ऑइलपेंटला कमी लेखू नकोस. १९१२च्या सुमारास पिकासो चित्रांत रिपोलिन नावाचा घरगुती एनॅमल, म्हणजे ऑइलपेंटच, वापरू लागला होता. १९४६ साली फ्रान्समधल्या आंतीबला, युद्धानंतरच्या टंचाईत, त्याने हाच रंग प्लायवूड आणि सिमेंटच्या पत्र्यांवर लावला. मेक्सिकोचा चित्रकार सिकेरोस मोटारींचा रंग वापरायचा. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या १९३६च्या कार्यशाळेत अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक होता, पुढे तोही घरगुती एनॅमलकडेच वळला. हा रंग फळीवर लाव, कॅनव्हासवर नको, आणि पांढरा पुढे पिवळट पडणार हे धरून चाल. पण माळ्यावर वडिलांच्या वेळचे डबे असतील तर त्यांना हात लावू नकोस. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी, लाल ऑइलपेंटवर माझा काडीचा विश्वास नाही. बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनमध्ये बाइंडर सहसा चांगला असतो, पण बुरशीनाशक औषधही असतं. तो लावताना हातमोजे घाल, आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासू नकोस.

काहीही मोठं रंगवायच्या आधी कॅनव्हासच्या तुकड्यावर पट्टे ओढ. पुरते वाळले की ओल्या अंगठ्याने घास, रंग अंगठ्यावर उतरला तर मीडियम कमी पडलंय. तुकडा दुमड, चीर जाते का बघ. अर्धा पट्टा फॉइलने झाकून कडक ऊन येणाऱ्या खिडकीत उन्हाळाभर ठेव. माझ्या खिडकीत सध्या हेच चाललंय, घरच्यांना वाटतं मी पापड वाळवतोय.

ब्रश बेसिनमध्ये धुवू नकोस. एका बादलीत धू, गाळ बसू दे, वाळला की कचऱ्यात टाक.

विटकरी रंगातला अर्धा लिटर माझ्यासाठी ठेव. काचेच्या बरणीत काठोकाठ भर, आत हवा राहिली तर साय धरेल. पावसाळा सुरू व्हायच्या आत येतोच आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू