घरासाठी किती रक्कम सांगावी

सातारा

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

कोथरूडच्या सदनिकेचे मालक १ कोटी ५ लाख म्हणत आहेत, तेव्हा त्यातून किती कमी करून मागावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते हिशेब त्यांच्या आकड्यापासून सुरूच करू नये. त्यांनी किती जास्त सांगितले आहे हेच जर आपल्याला ठाऊक नसेल, तर पाच टक्के कमी मागितले काय किंवा पंधरा टक्के, दोन्ही अंदाजपंचेच. आपली रक्कम आपण स्वतंत्रपणे काढावी आणि मग ती त्यांच्या रकमेपासून किती दूर पडते ते पाहावे.

एजंटाने सांगितलेले ८५० चौरस फूट विसरून जा. त्यात जिन्याचा आणि भिंतींचा वाटा धरलेला आहे. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यामुळे नव्या प्रकल्पांत चटई क्षेत्रावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेवरच, विक्री करावी लागते, परंतु १९९४ सालच्या इमारतीच्या पुनर्विक्रीत जुनेच आकडे फिरत राहतात. तू टेपने मोजलेले ६२० फूट हेच खरे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून तू त्याच सोसायटीतील दोन व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा सरकारी उतारा, काढलीस, हे फार चांगले केलेस, कारण शेजारीपाजारी सांगतात त्या किमतींपेक्षा नोंदलेली किंमत अधिक भरवशाची असते. चटई क्षेत्रावर ते दर साधारण १५,००० रुपये फूट पडतात, म्हणजे आपल्या घराचे ९३ लाख होतात. मात्र ती दोन्ही घरे नूतनीकरण केलेली होती आणि या घराचे नळ, वायरिंग व स्वयंपाकघर बदलण्यास तू स्वतःच ४ लाख धरले आहेस. तेव्हा घराचे योग्य मोल ८९ लाखांच्या आसपास आहे.

मालक पुनर्विकासाचा उल्लेख वारंवार करतात. कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास खरोखरच होत आहे, हे मान्य. पण या सोसायटीच्या नावे अद्याप जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकी सोसायटीच्या नावे करून देणे) झालेले नाही आणि विकासकाची निवड तर दूरच राहिली. ज्या वाढीव जागेचा कागदही कोणी पाहिलेला नाही, तिचे पैसे आज मोजू नयेत.

आता तुझ्या बाजूचा हिशेब, जो मला बँकेच्या कर्ज विभागातील नोकरीमुळे अधिक महत्त्वाचा वाटतो. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, आणि मूल्य म्हणजे करारातील रक्कम व मूल्यांकनकाराचा आकडा यांतील जो कमी असेल तो. समजा मूल्यांकन ८८ लाखांचे आले, तर कर्ज ७० लाख ४० हजारांचे होईल आणि त्यावरील प्रत्येक रुपया तुझ्या खात्यातून जाईल. तू ९१ लाखांना घेतलेस तर २० लाख ६० हजार हे झाले. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के असले तरी घर तुझ्या एकटीच्या नावे असल्याने महिलांच्या सवलतीच्या ६ टक्क्यांप्रमाणे ५ लाख ४६ हजार, नोंदणीचे ३० हजार, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, एजंटाचे एक टक्का आणि दुरुस्तीचे ४ लाख मिळून साडेएकतीस लाख लागतात. तुझे साठलेले ३६ लाख आहेत, म्हणजे काही महिन्यांचे हप्ते हाताशी राहतात. हाच हिशेब १ कोटी ५ लाखांना केला तर साडेसेहेचाळीस लाख लागतील. ते आणायचे कुठून?

म्हणून ८६ लाखांपासून बोलणी सुरू कर आणि ९१ हीच शेवटची मर्यादा ठेव. योग्य मोलावर दोन लाख मी मुद्दाम धरले आहेत, कारण तुझे ऑफिस तिथून जवळ आहे. पहिली वाढ मोठी असू दे, पुढच्या लहान होत जाऊ देत. मर्यादा एजंटाला कळता कामा नये. त्याचे मानधन दोन्हीकडून येते आणि व्यवहार लवकर उरकण्यातच त्याचे हित असते. मालकांनी दुसरीकडे घर नोंदवले असून त्यांना पैसे ठरावीक तारखेला हवे आहेत असे तू लिहितेस, तर बँकेचे मंजुरीपत्र आधी घेऊन जा आणि खरेदीखताची तारीख बोलून टाक. काही लाखांची तफावत अशा तारखेने भरून निघू शकते.

त्यांनी काही रक्कम रोखीने मागितली तर स्पष्ट नकार दे. किंमत ५० लाखांवर असल्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकांच्या नावे सरकारकडे भरायचा कर, तुलाच कापून भरायचा आहे. तो किमतीतूनच जातो, हे त्यांना आधीच सांग, म्हणजे ऐनवेळी कुरबुर नको. विसार देण्यापूर्वी, कर्ज नामंजूर झाले किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत मिळेल, हे लेखी घे.

९१ ला ते तयार झाले नाहीत, तर नमस्कार करून ये आणि एजंटाला दुसरे घर दाखवायला सांग. सोसायटीच्या थकबाकीचा दाखला व भाग प्रमाणपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) प्रत मिळाली की मला पाठव, मी वाचून कळवते.

तुझी,
आई