जुन्या विंचेस्टरचा झिरो आणि तुझा चारशे यार्डांचा प्रश्न

प्रिय सुहास,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. साठ-पासष्ट वर्षांची रायफल चारशे यार्डांवर भरवशाची राहते का, की सरळ नवीन घेऊन मोकळं व्हावं, हे तू विचारलंस आणि ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही म्हणून लिहायलाच बसलो, लांबलं तर चालवून घे.

माझी रायफल तू फोटोत बघितलीयस. विंचेस्टर मॉडेल ७०, कॅलिबर थर्टी ऑट सिक्स, अक्रोडाचा दस्ता, आणि नंबर सात लाखाच्या आतला, म्हणजे १९६४ च्या आधीची. इथे कोलोरॅडोत जुने शिकारी हातात घेतली की आधी तो नंबर बघतात, कारण १९६४ ला कंपनीने डिझाइन बदललं आणि बोल्टवरचा (काडतूस भरायला मागेपुढे ओढतात त्या दांड्यावरचा) तो लांब रुंद एक्स्ट्रॅक्टर काढून टाकला, जो काडतूस मॅगझिनमधून निघाल्यापासून बाहेर फेकेपर्यंत पक्कं धरून ठेवतो. थंडीत ग्लोव्ह्ज घालून बोल्ट ओढताना त्याची किंमत कळते. मी ही विकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता तुझं गणित आणि माझं गणित वेगळं आहे. तू पन्नास मीटरवर पडून मारतोस, तुझा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा. आम्ही मिनिटात मोजतो, वेळेच्या नाही, कोनाच्या, एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त, १.०४७ इंच. त्या हिशोबाने तुझा दहाचा गोल पाऊण मिनिटाच्याही आतला झाला (स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून ब्रॉंझ आणलं तेव्हा मी इथल्या मित्रांना हेच गणित मांडून दाखवलं होतं, ते गप्पच झाले). माझी विंचेस्टर शंभर यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात टाकते. तुझ्या रेंजवर तिला कुणी उभं करणार नाही, पण एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, छातीसाठी ते भरपूर आहे.

यंदा मात्र ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, नीट येत नव्हता. पहिली गोळी बरोबर, दुसरी जरा वर, तिसरी अजून वर, एकावर एक उभी रांग. डावी-उजवीकडे काही नाही, फक्त चढत जायची. असं दिसलं की लोक स्कोपला, म्हणजे वरच्या दुर्बिणीला, दोष देतात आणि नवीन स्कोप घेऊन येतात, पण स्कोप ढिला असेल तर गोळ्या कुठेही जातात, अशा शिस्तीत वर चढत नाहीत. ही बॅरल तापल्याची खूण आहे. आणि या मॉडेलची गंमत म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागातून एक स्क्रू थेट बॅरलमध्ये जातो. तो आवळलेला असला की बॅरल लाकडाला बांधलेली राहते, तापून लांब व्हायला लागली की तिला मोकळी जागाच नाही, मग तणाव बदलतो आणि गोळी सरकते. त्यात अक्रोड म्हणजे शेवटी लाकूड, दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि हा दस्ता बरीच वर्षं ओलसर तळघरात काढून आता फोर्ट कॉलिन्सच्या कोरड्या हवेत पाच हजार फुटांवर आलेला.

मग रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघितलं, बोल्ट काढला, पुढचा स्क्रू सोडला आणि बॅरल आणि लाकूड यांच्या फटीत डॉलरची नोट घालून मागे सरकवत नेली. टोकापासून चार बोटं सरळ गेली आणि उजव्या बाजूला अडकली. तिथे टॉर्च मारून बघितलं तर लाकडावर नखाएवढा काळपट चकचकीत डाग, बॅरल घासून घासून पडलेला. तेवढीच जागा बारीक सँडपेपरने, गोल लाकडी दांडीवर गुंडाळून, हलक्या हाताने उतरवली आणि उघडं पडलेलं लाकूड लगेच सील केलं, नाहीतर तिथूनच ओल शिरते. जुन्या बंदुका जमवणारे लोक ओरडतील की ओरिजिनल लाकडाला हात लावला, ओरडू देत, मला ती कपाटात ठेवायची नाहीये. नंतर अॅक्शनचा (बोल्ट बसतो त्या भागाचा) पुढचा आणि मागचा स्क्रू घट्ट, मधला फक्त टेकेल इतका, आणि बॅरलचा तो स्क्रू जेमतेम बोटाच्या जोराने. रांग गेली, ग्रुप गोल झाला.

आतून बॅरलही साफ केली, तांबं काढायच्या सॉल्व्हंटने, चिंधी निळी यायची थांबेपर्यंत. यात एक लक्षात ठेव, साफ केलेल्या तेलकट बॅरलची पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून झिरो करायच्या, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एका जागी आणायच्या, आधी दोन-तीन गोळ्या नुसत्या मातीच्या बांधात घालवायच्या.

बाकी झिरो करणं तुला नवीन नाही. बोल्ट काढून नळीतून टार्गेट बघायचं, रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणायचा, मग पंचवीस यार्डांवर एक गोळी, आणि मग शंभरावर. माझ्या स्कोपचा एक क्लिक पाव मिनिटाचा आहे, शंभरावर तीन इंच खाली लागली तर बारा क्लिक वर, पण पंचवीसवर तेच तीन इंच म्हणजे अठ्ठेचाळीस क्लिक. तीन गोळ्या, मग बोल्ट उघडा ठेवून बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याने लांबच्या नेमाच्या नादाला लागूच नये. एकाच बॉक्सच्या, एकाच लॉटच्या १६५ ग्रेनच्या गोळ्या, ब्रँड बदलला की झिरो पुन्हा बघायचा.

मी शंभरावर दोन इंच वर ठेवतो, म्हणजे दोनशेला बरोबर, तीनशेला साधारण आठ इंच खाली, चारशेला वीस-बावीस इंच. हे आकडे अॅपमध्ये मिळतात, पण मी ते कागदावर भोकं पाडून बघितल्याशिवाय मानत नाही. इथे हवा विरळ आहे, कंपनीचा तक्ता समुद्रसपाटीचा असतो, आणि तुझ्या रायफलच्या गोळीचा वेग बॉक्सवर छापलाय तोच असेल असं काही नाही. शिवाय एक टार्गेट मी वेगळंच ठेवलंय, त्यावर प्रत्येक वेळी रेंजवर पोचल्यावरची फक्त पहिली, गार बॅरलची गोळी मारतो. एल्क तुला गरम बॅरलची तिसरी गोळी मारेपर्यंत उभा राहत नाही, त्यामुळे माझ्यासाठी खरा झिरो तोच.

आता तुझं चारशे. रायफल पोचते, अगदी आरामात. पण ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशेवर गोळीला साधारण सहा इंच ढकलतो, चारशेवर दहाच्या पुढे, आणि तो वारा तुझ्या गालाला लागतोय तेवढाच दरीपलीकडेही असेल हे कोण सांगणार? बेंचवर सँडबॅग टाकून मारणं वेगळं, आणि नऊ हजार फुटांवर चढून धापा टाकत गुडघ्यावर बसून मारणं वेगळं. म्हणून मी जेवणाची कागदी प्लेट लावतो आणि गुडघ्यावरून, स्लिंग (रायफलचा पट्टा) दंडाला आवळून मारतो. जिथपर्यंत प्रत्येक गोळी प्लेटमध्ये लागते तिथपर्यंत माझी हद्द, आणि ती तीनशेला थोडी कमीच आहे. वारा नसेल आणि बॅगवर रायफल टेकवून पडून मारता येत असेल तरच तीनशेच्या पुढे. जखमी एल्क रात्रभर जंगलात फिरतोय ही कल्पनाच मला सहन होत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला आणि ते योग्यच झालं, आपली जंगलं तेवढी उरलीच नव्हती. इथलं वेगळं आहे, राज्याचं खातं कळप मोजून त्यावरून लायसन्स ठरवतं, १९४९ पासून पुढे जन्मलेल्याला सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय लायसन्सच नाही, अंगावर भडक केशरी किंवा गुलाबी जॅकेट आणि टोपी सक्तीची. मला हे सगळं मनापासून पटतं.

तर नवीन रायफलचे पैसे वाचव, आहे तीच स्क्रूपासून तपासायला घे. आणि माझं एक काम कर, तू गुडघ्यावरच्या पोझिशनला डावं कोपर नक्की कुठे टेकवतोस त्याचा बाजूने एक व्हिडिओ काढून पाठव, माझा नेम श्वास सोडल्यावर उजवीकडे सरकतो आणि सीझन नोव्हेंबरात आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अवि