ट्युलिपच्या गावातल्या बायका आणि आमच्या आजीची खाणावळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या हॉलंड गावावरचा लेख वाचला. फोटो छान होते, पवनचक्की, ट्युलिपच्या रांगा, लाकडी बूट घालून नाचणाऱ्या मुली. पण अख्ख्या पानात बायका म्हणजे फक्त त्या नाचणाऱ्या मुली आणि झाडू घेऊन रस्ता घासणाऱ्या चारपाच जणी, बाकी सगळं पाद्री व्हॅन राल्टे यांनी गाव वसवलं, जंगल तोडलं, चर्च बांधलं. राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी तिथून जवळच ग्रँड रॅपिड्सला असते, गेल्या मे महिन्यात तिने मला ते गाव दाखवलं, आणि मुंबईला परत आल्यापासून त्या बायका काही डोक्यातून जात नाहीयेत.

डच हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा. आमचं मूळ गाव वेंगुर्ला, तिथे डचांची पडकी वखार आहे, त्यामुळे डच म्हणजे व्यापारी, पैसेवाले असंच वाटायचं. हॉलंड गावात आलेले डच तसले नव्हतेच. 1834 ला नेदरलँड्सच्या सरकारी चर्चमधून फुटून निघालेले साधे शेतकरी, कारागीर, प्रार्थनेला वीसच्या वर माणसं जमली की दंड, घरात सैनिक आणून बसवायचे, त्यात 1845 ला बटाट्यावर रोग पडला आणि गरिबाचं पोट तर बटाट्यावरच. म्हणून निघाले. व्हॅन राल्टे 1847 च्या फेब्रुवारीत, भर थंडीत त्या जंगलात पोचले. बायको ख्रिस्तिना आणि पोरं बरोबर अमेरिकेला आलेली, तिचं नाव लेखात एकदाही नाही. (आणि तिथे आधीपासून राहणारे ओडावा लोक दोन वर्षांत, 1849 ला, गाव सोडून उत्तरेला निघून गेले, तेही लेखात यायला हवं होतं.)

आता तिथल्या एखाद्या साध्या डच बाईचा दिवस बघा. सपाट, बिनझाडाच्या मुलखातून आलेली, घराचा उंबरा घासूनपुसून लख्ख ठेवायची सवय, आणि इथे ओंडक्यांची झोपडी, वर झाडाच्या सालीचं छप्पर, खाली माती आणि बाहेर दलदल. नवरा मजुरीसाठी लांबच्या शहरात, ती पोरं घेऊन एकटी. पहिल्याच उन्हाळ्यात मलेरिया आला, आपल्याकडे म्हणायचे ना हिवताप तोच, आणि तो डासांमुळे होतो हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. इतकी माणसं गेली की अनाथ पोरांसाठी वेगळं घर बांधायला घेतलं, पण पोरं वाटली गेली ती गावातल्या घराघरांमध्येच, म्हणजे आपल्या चार पोरांत आणखी दोन ताटं वाढली. ती कोणी वाढली हे काय सांगायला हवं का?

लेखातला रस्ता घासायचा कार्यक्रम मी स्वतः उभी राहून बघितला. अधिकाऱ्याच्या वेषातला माणूस येऊन रस्ता घाण आहे म्हणतो, मग सगळे पारंपरिक कपड्यात बादल्या ओततात, झाडू मारतात, लोक हसतात, मोबाईलवर शूटिंग करतात. मला हसू आलं नाही, मला एकदम ती मातीची जमीन दिसली जी कितीही घासली तरी मातीच राहणार. तिथल्या म्युझियममध्ये एक लाकडी पेटी आहे, वीतभर उंच, वरच्या फळीला भोकं, आत निखाऱ्याचं भांडं ठेवायचं आणि थंडीत चर्चमध्ये बसताना ती घागऱ्याखाली पायाशी घ्यायची. फळीची एक कड पार गुळगुळीत झिजलेली, टाचेने. मी त्या पेटीसमोरून हललेच नाही, मुलगी म्हणाली आई चल, पुढे पवनचक्की बघायचीय.

त्याच वर्षीची एक गोष्ट मुंबईकरांना लगेच पटेल. 21 नोव्हेंबर 1847 ला फिनिक्स नावाची बोट मिशिगन सरोवरात पेटली, शेबॉयगन गावाचा किनारा अगदी जवळ आलेला, बोटीवर बहुतेक सगळे डच, दीडशेच्या वर माणसं गेली. इतका लांब अटलांटिक ओलांडून आलेली माणसं दारात येऊन संपली. जवळजवळ शंभर वर्षांनी, 17 जुलै 1947 ला, आपल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं, गटारीसाठी घरी निघालेले कितीतरी. आजी तिचं नाव काढलं की अजून हात जोडायची, कारण ती पण वेंगुर्ल्याहून बोटीनेच आलेली, एक ट्रंक आणि लोणच्याची चिनीमातीची बरणी घेऊन.

बरणीवरून आठवलं. आयोवा राज्यात पेला नावाचं दुसरं डच गाव, तेही 1847 चंच, हेन्ड्रिक शोल्टे यांनी वसवलेलं. त्यांची बायको मारिया श्रीमंतीत वाढलेली, हौसेने डेल्फ्टची, म्हणजे निळ्या नक्षीची डच चिनीमातीची, भांडी पिंपात भरून आणली, आणि पिंपं उघडली तर जवळजवळ सगळी फुटलेली. सांगतात की तिने ते तुकडे बागेतल्या पायवाटेत बसवले. माझ्यासाठी त्या गावाचा इतिहास इथे सुरू होतो.

आता मुद्द्याचं. मुलीने मला लायब्ररीत जुन्या जनगणनेची पानं स्क्रीनवर दाखवली. 1850 ला अमेरिकेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं (गुलामांचं सोडून), त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं असायचं. पण कामधंद्याचा रकाना पंधरा वर्षांवरच्या पुरुषांनाच. पुरुषापुढे शेतकरी, सुतार, आणि बायकोपुढे कोरं. 1870 ला काहीतरी आलं ते म्हणजे 'घर सांभाळते'. दूध काढणारी, सूत कातणारी, बाळंतपणं करणारी, दुसऱ्याची पोरं वाढवणारी बाई, आणि पुढे हे दोन शब्द.

मला तिथेच 1981 आठवलं. मी सातवीत, लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जनगणनेवाले सर आले, आजोबांना विचारलं, गिरणी कामगार लिहिलं, आजीकडे न बघताच 'घरकाम' लिहून पेन पुढे. आजी तेव्हा चुलीशी, म्हणजे स्टोव्हशी, बारा गिरणीवाल्यांचे डबे भरत होती, पाळीप्रमाणे पहाटे, दुपारी, रात्री. ती मला म्हणाली, "तेका सांग गे, मी बारा जणांचा जेवाण रांधतंय." मी सांगितलं, सर हसले आणि खाली उतरले. पुढच्या जानेवारीत संप सुरू झाला, खाणावळीचे पैसे यायचे थांबले, तरी तिने बारा जणांना तीन महिने उधारीवर जेवू घातलं, स्वतःच्या पाटल्या मोडून.

गिरणगाव अशा बायकांच्या हातच्या भाकरीवर उभं राहिलं. 1975 ला प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्यांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं म्हणून त्यांना बँकेतून कर्ज तरी मिळायला लागलं, नाहीतर सावकाराशिवाय कोण होतं. या बायका आता ऐंशी-नव्वदीच्या, चाळी पाडून टॉवर होतायत, कोणी विरारला गेली कोणी कल्याणला.

तर माझी विनंती, हॉलंडवर जसं पूर्ण पान दिलंत तसं एक पान या बायकांना द्या, आणि ते लवकर द्या. पत्ते मिळवून द्यायला मी तयार आहे, आमच्या जुन्या चाळीतल्याच तिघी आहेत, एकीचं बोलणं अजून खणखणीत आहे पण ऐकू कमी येतं, मोठ्याने विचारावं लागेल.

आजीला लिहिता येत नव्हतं. खाडे आणि उधारीचा हिशोब ती दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने करायची, प्रत्येकाची वेगळी खूण, कोणाचा मासा, कोणाची छत्री, आणि पुढे रेघा. चाळ पाडली तेव्हा दार भंगारात गेलं. त्याआधी माझ्या भावाने एक फोटो काढलेला, थोडा हललाय पण खुणा दिसतात. छापणार असाल तर पाठवते.

आपली नेहमीची वाचक,
लालबाग, मुंबई