मोजणीच्या काठीतून पावसाचा अंदाज

महोदय,

नुकतीच आमच्या शेताची मोजणी झाली. भूकरमापकाने बांधाच्या कोपऱ्यावर काठी धरली, वरचा रोव्हर (उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ठरवणारे यंत्र) क्षणभर थांबला आणि हद्द सेंटिमीटरपर्यंत निघाली. यामागे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 'कॉर्स' केंद्रांचे जाळे आहे. ती केंद्रे दिवसरात्र जीपीएससारख्या उपग्रहांचे संदेश टिपत असतात.

हे संदेश सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतात आणि वातावरणात किंचित रेंगाळतात. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पाणी होऊन खाली उतरली असे धरले, तर त्या पाण्याच्या दर मिलिमीटरमागे संदेशाची वाट साधारण साडेसहा मिलिमीटरने लांबल्यासारखी दिसते. मोजणीवाल्यांसाठी ही चूक, ती ते वजा करून टाकतात. पण हवामानशास्त्रासाठी हेच तर सोने! केंद्राजवळ हवेचा दाब आणि तापमान मोजले, की वाफेचा आकडा हाती येतो, ढगाळ हवेत आणि भर पावसातसुद्धा. एरवी वरच्या हवेतली वाफ मोजणारे हवामानाचे फुगे सहसा दिवसातून दोनदाच सोडतात. घाटावरची वाफ मात्र तासाभरात पालटते. जपान आणि युरोपात अशा नोंदी रोजच्या अंदाजात वापरल्या जातात.

खांब उभे आहेत, यंत्रे चालू आहेत. प्रत्येक केंद्रावर दाबमापक बसवावा आणि या नोंदी हवामान खात्याला व पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेला तासातासाला मिळाव्यात. विद्यापीठांनाही त्या खुल्या कराव्यात. पेरणीच्या दिवसांत आम्ही आभाळाकडेच बघत असतो.

– एक शेतकरी, जुन्नर